हिकरी गॅपची शाळा पुरेशी गरीब नाही

८ सप्टेंबर १९९७, सोमवार

आपण पुरेसे गरीब नाही म्हणे!

हे मला ऐकवलं गारलंड स्पायसरनं. आमचा हेडमास्तर, वय चौतीस. बालवाडीत होता तेव्हा याचं नाक मी माझ्या रुमालानं पुसलंय. चारचौघांत मी त्याला "साहेब" म्हणते. या वहीत मात्र तो गारलंडच.

प्रकार असा. वॉशिंग्टनहून गरीब शाळांसाठी पैसा येतो, टायटल वनचा. त्यावर माझी वाचनाची खोली चालते — चार टेबलं, अकरा बुटक्या खुर्च्या, पुस्तकांची दोन कपाटं आणि मी. वाचनात मागं पडलेली बावीस मुलं आळीपाळीनं माझ्याकडं येतात. आमच्या कौंटीत शाळा सात, आणि पैसा पुरतो चारांना. सगळ्यांत गरीब चार कोण, ते ठरतं फुकट जेवणाच्या फॉर्मांवरून. ज्या शाळेतल्या जास्त घरांनी फॉर्म भरला ती जास्त गरीब. यंदा आम्ही पाचवे आहोत. आणि चौथं कोण? आमच्या जन्माच्या वैऱ्यांची शाळा, स्टिलहाउस!

"स्टिलहाउस आपल्यापेक्षा गरीब?" मी ओरडलेच. "साहेब, त्यांच्या जिमला नवी फरशी बसलीय!"

"फरशी मोजत नाहीत बाई. फॉर्म मोजतात."

नऊ फॉर्म कमी पडतायत. मुदत ३१ ऑक्टोबर, दुपारी चार. नाही जमलं तर जूनमध्ये खोलीला कुलूप. मुलं मागच्या बाकावर, मी घरी. गारलंड म्हणाला, "तुम्हाला सगळी ओळखतात. तुम्ही मागितलात तर देतील."

ओळखतात हाच तर घोटाळा आहे! ओळखीच्या माणसासमोर कोण गरीब होतं?

९ सप्टेंबर

होबर्टला सांगितलं. नवरा माझा, पण आधी तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर, म्हणजे प्रत्येक घराचं अंगण याला पाठ. बेसिनला धरून हसत सुटला.

"अगं, इथं माणसं जन्मभर गरिबी लपवतात, आणि तू ती लेखी मागायला निघालीस?"

त्याच्या अंगावर फडकं फेकून मारलं. पण बोलला ते खरं.

११ सप्टेंबर

इमोजीन आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं आहे. कुठल्या घरात काय शिजतं ते तिला मुलांच्या ताटावरून कळतं. आज डब्यांच्या टेबलाकडं बोट दाखवून तिनं आठ घरं मला धडाधड सांगितली. "ते बघ, रोज गार मक्याची भाकरी. ते बघ, भाकरीही नाही, नुसती पिशवी. रिकामी पिशवी घेऊन बसतं आणि आत हात घालून खाल्ल्यासारखं करतं."

ते रिकाम्या पिशवीचं ऐकून मला दिवसभर काही सुचलं नाही. मुलं फुकट जेवू शकतात — एक सही लागते, बस! आणि ही माणसं सही करत नाहीत. मला रडूही आलं आणि त्यांच्या आईबापांचे कान उपटावेसेही वाटले. दुसरं जास्त वाटलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

मोहीम सुरू. पहिलं घर लोवी बर्चेटचं.

"फुकट खाणारी माणसं नव्हेत आम्ही," लोवी म्हणाली, आणि मला टेबलाशी बसवून घेवड्याची उसळ, तळलेले बटाटे, दोन भाकऱ्या आणि ब्लॅकबेरीचा मुरंबा वाढला. मी नको नको म्हटलं. "न जेवता गेलीस तर परत दाराशी येऊ नकोस!"

सगळं खाल्लं. फुकट! हे तिला सांगावं असं फार मनात आलं, पण तोंडात बटाटा होता.

फॉर्म मिळाला नाही.

१७ सप्टेंबर

आज तीन घरं. तीन जेवणं. फॉर्म शून्य. होबर्ट म्हणतो, असंच चाललं तर ऑक्टोबर संपेपर्यंत बसला मागं जादा टायर लावावे लागतील.

२० सप्टेंबर, शनिवार

आज आर्विल डीटनकडं गेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला, रस्ता संपतो तिथं. बायको गेली तेव्हापासून तो आणि तिसरीतली रोडा, दोघंच. लाकूडतोडीची कामं मिळतील तशी करतो. रोडा माझ्याच खोलीत येते. गेल्या वर्षी तिला अक्षरं एकमेकांत गुंतलेली दिसायची, आता छोटी वाक्यं एकटीनं वाचते. वाचताना बोट इतकं दाबून धरते की कागदाला खळगा पडतो. सगळ्या बावीसांत माझा जीव कुणावर असेल तर तिच्यावर. हे कुठं बोलायचं नसतं म्हणून इथं लिहिते.

आर्विलनं फॉर्म घेतला. उभा धरून पाहिला, मग आडवा धरून. "बघतो निवांत," म्हणाला. नाही म्हणाला नाही! घड्याळाच्या मागं नीट ठेवला आणि मला गाडीपर्यंत सोडायला आला. येताना सफरचंदांची पाटी मागच्या सीटवर.

हा देणार. माणूस समजूतदार आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना: शाळेत संध्याकाळी जेवण ठेवायचं. घेवडा, भाकरी आणि गोडाचं काहीतरी. सगळ्या पालकांना बोलवायचं. दाराशी फॉर्म आणि पेनं. पोट भरलं की माणूस मऊ पडतो.

दीडशे माणसं आली! मी हर्षानं वेडी व्हायची बाकी. मग दिसलं की प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहे. कुणाकडं हॅम, कुणाकडं कोंबडी, कुणाकडं मक्याचं लोणचं. शाळेनं फुकट बोलावलंय म्हटल्यावर रिकाम्या हातानं यायचं कसं! आणि केक. सफरचंदाचे थराचे केक. आमच्याकडं जितके थर जास्त तितकं घर भरलेलं. नऊ थर, अकरा थर, आणि लोवी बर्चेट चौदा थरांचा घेऊन आली, दोन्ही हातांनी सावरत, मागून नवरा "वाट द्या, वाट द्या" करत.

मी शिजवलेला घेवडा कुणी चमचाभरही घेतला नाही.

इमोजीननं रिकाम्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. एक पेन मात्र गेलं होतं.

गारलंड म्हणाला, "कौंटीचा माणूस आज इथं असता ना बाई, तर आपण सातवे आलो असतो."

२८ सप्टेंबर, रविवार

पाद्री क्लेलदादांना गाठलं. त्यांनी प्रवचनात सांगितलं — मदत घेण्यात लाज नाही, देवानंही रानात माणसांना जेवू घातलं आणि कुणाला कमाई विचारली नाही. सगळं चर्च "आमेन!" म्हणालं. सगळ्यांत मोठा आमेन लोवीचा. शेवटी मी दाराशी फॉर्म घेऊन उभी राहिले. सगळ्यांनी घेतले, हसून, हात दाबून.

नंतर क्लेलदादांनी हाक मारली. फॉर्म दानाच्या ताटात. कोरे. सुबक घड्या घातलेले. म्हणजे आमच्या लोकांनी आपली गरिबी देवाला दान केली.

१ ऑक्टोबर

अजून नऊच कमी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज इमोजीननं मला बरोबर पकडलं. बटाटे सोलता सोलता सहज म्हणाली, "काय गं व्हर्लीन, तुझा फॉर्म भरलास का?"

"माझा कशाला?"

"डार्सी पाचवीत नाही का आपल्या शाळेत?"

डार्सी माझी नात. मुलगी दूर शहरात कारखान्यात लागली तेव्हापासून पोर आमच्याकडं आहे. "आमचं वेगळं आहे," मी म्हटलं. "आम्ही दोघं कमावतो." इमोजीन नुसता बटाटा सोलत राहिली. तिला एवढं हळू बटाटा सोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

४ ऑक्टोबर

आमचं वेगळं आहे!

५ ऑक्टोबर, रविवार

फॉर्ममागचा तक्ता पाहिला. मदतनीस बाईचा पगार, बस ड्रायव्हरचा पगार, माणसं तीन. बसतो आम्ही. काठावर नाही, चांगले ऐसपैस बसतो.

होबर्ट म्हणाला, "माझी नात फुकट खाणार नाही." अगदी लोवीच्या सुरात! मी त्याला म्हटलं, "बेसिनला धरून कोण हसत होतं रे?" तर उठून कोंबड्यांकडं गेला.

खरं लिहायचं तर मलाही पेन उचलवेना. सतरा घरांत जाऊन तोंड वर करून "एक सही तर आहे" म्हणाले. त्या एका सहीला आज मला तीन तास लागले. नाव लिहिताना कान गरम झाले. कुणी पाहत नव्हतं तरी.

६ ऑक्टोबर

आमचा फॉर्म गारलंडला दिला. त्यानं न बघता पालथा ठेवला. गुणाचं पोर आहे. आठ राहिले.

डार्सी फुकट जेवली. तिला काही फरक पडलेला दिसला नाही. दोनदा पुडिंग मागितलं.

७ ऑक्टोबर

पुन्हा आर्विलकडं. फॉर्म घड्याळामागंच आहे, तसाच.

"बघायला सवड झाली नाही, बाई," म्हणाला. "ठेवा तुम्ही. बघतो."

येताना माझ्या गाडीचा आवाज ऐकून त्यानं बॉनेट उघडलं, पट्टा बदलला, हात पुसले आणि शेजारच्या सीटवर भोपळा ठेवला. एवढा मोठा की भोपळ्यालाच पट्टा बांधून आणावं लागलं. फॉर्म सोडून हा माणूस सगळं देतो!

घरी येऊन त्याला चिठ्ठी लिहिली, रोडाच्या दप्तरातून पाठवते. वळणदार, जोडून. अक्षराला बक्षीस मिळालेलं आहे माझ्या. लिहिलं की सवड काढा, मुदत आहे, मुलीच्या वाचनाचा प्रश्न आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

होबर्टचा राग ओसरला आणि डोकं चालू लागलं. संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या दुकानात गेला, जिथं आमच्याकडचे सगळे पुरुष कामाशिवाय उभे असतात. त्यानं येऊन सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

कॉफी घेतली आणि कुणाकडंच न बघता म्हणाला, "स्टिलहाउसवाले आपल्या पुढं गेले म्हणे."

सगळे वळले. "कशात?"

"गरिबीत."

"जाऊ देत की!" हशा पिकला.

"जाऊ देत," होबर्ट म्हणाला. "आपली पुस्तकं त्यांना मिळणार. आपली पोरं मागं राहणार. आणि मग स्टिलहाउसची पोरं आपल्या पुस्तकांवर शिकून मोठी झाली की तीच येतील बँकेत बसायला, आपलं कर्ज नाकारायला."

म्हणे सगळ्यांनी कप खाली ठेवले. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "तो फॉर्म कुठं मिळतो?"

मी होबर्टचा मुकाच घेतला. सदतीस वर्षांत दुकानातून आल्यावर प्रथमच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आठ फॉर्म! एका दिवसात! पोरं दप्तरातून काढून देत होती, एकावर ग्रीसचे ठसे, एकावर तंबाखूचा वास. इतके दिवस अभिमानापायी भरले नाहीत, आता स्टिलहाउसवरच्या रागापायी भरले. मला काय? कागद तो कागद.

जिंकलो!

१४ ऑक्टोबर

नाही जिंकलो. मी आणि गारलंड एकेक तपासत बसलो होतो.

लोवी बर्चेटच्या नवऱ्यानं घरातली माणसं अकरा लिहिली आहेत. चार माणसं आणि सात शिकारी कुत्री. सगळ्यांची नावं, वयं. नात्याच्या रकान्यात "मुलासारखा", "मुलासारखा", आणि म्हाताऱ्या कुत्रीपुढं "सासूसारखी". गारलंडनं टेबलावर डोकं ठेवलं. खांदे हलत होते. कुत्री खोडली तरी घर बसतं, म्हणून तो फॉर्म चालला.

पण एस्टिल नेपियर! लाकडाची गिरणी याची, दोन ट्रक, वर तळ्याकाठी घर. यानं कमाईच्या जागी लिहिलंय: "पुरत नाही". गिरणीवर परत करायला गेले तर म्हणतो, "बाई, गावासाठी एवढंही करू नये का मी?" डोळ्यांत पाणी खरंखुरं. समजूत काढून परतले.

म्हणजे सात. एक कमी. फक्त एक!

इमोजीनच्या आठ घरांतलं राहिलंय एकच. डीटन.

१५ ऑक्टोबर

आर्विलला दुसरी चिठ्ठी. थोडी कडक.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तिसऱ्यांदा गेले. चिठ्ठ्या मिळाल्या का विचारलं.

"मिळाल्या की. छान अक्षर आहे तुमचं, बाई."

"मग?"

"बघतो."

मी स्पष्टच विचारलं, तुला लाज वाटते का? मान खाली घालून म्हणाला, "वाटते थोडी." मग मी माझंच उदाहरण दिलं. मीही भरला, मलाही जड गेलं, पण सही केली की सुटतो माणूस. तो ऐकत राहिला, नखं खरवडत. मला वाटलं पाझरतोय. तर उठून गोठ्यात गेला आणि पिल्लू घेऊन आला. काळं, एक कान पडलेला. "डार्सीला द्या."

होबर्टनं पिल्लाचं नाव ठेवलं — फॉर्म. म्हणाला, "निदान एक तरी आर्विलकडून मिळाला."

२१ ऑक्टोबर

फॉर्मनं माझी सपात खाल्ली.

२२ ऑक्टोबर

रोडानं आज अख्खं पान वाचलं! चौदा ओळी, कोल्ह्याची गोष्ट. दोनदा अडली, दोन्हीदा माझ्याकडं न बघता स्वतःच सुटली. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, "बाई, हाताचं लिहिलेलं कधी शिकवणार?"

"छापलेलं नीट येऊ दे. मग पुढच्या वर्षी."

"लवकर नाही का होणार?"

किती घाई पोरीला शिकायची! आणि हिचा बाप कागदावर चार ओळी खरडत नाही. पुढच्या वर्षी ही खोली असेल का तेच ठाऊक नाही. मी हसले आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मोह झाला. लिहायलाही नको वाटतं, पण इथं नाही तर कुठं लिहू?

आर्विलच्या घरची माणसं, काम, सगळं मला ठाऊक आहे. कोरा फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे. होबर्ट म्हणाला, "भरून टाक. रोडासाठीच तर आहे." काढला. पेनाचं टोपण काढलं. रोडाचं नाव लिहिलं, वय लिहिलं. सहीशी आले आणि हात थांबला. तुरुंगाची भीती नव्हती. पण दुसऱ्याच्या अब्रूची सही मी कोण करणार? माझी करतानाच कान तापले होते. फॉर्म फाडून चुलीत घातला.

होबर्ट म्हणाला, "कुत्र्याला दिला असतास तरी चाललं असतं."

२७ ऑक्टोबर, सोमवार

तिसरी चिठ्ठी. दीड पान. सगळा राग ओतला. लिहिलं की आर्विल, अभिमान तुझा, पण किंमत पोरीची. लिहिलं की ज्या बापाला आपल्या लेकीपेक्षा आपलं नाक मोठं वाटतं त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. मग त्यावर आणखी अर्धं पान बोलले.

लिहून छान मोकळं वाटलं.

२९ ऑक्टोबर

उत्तर नाही. रोडा आज माझ्याशी बोलली नाही. पुस्तकामागं तोंड लपवून बसली. वाचून दाखव म्हणून ती चिठ्ठी घेऊन इमोजीनकडं गेली होती म्हणे, पण इमोजीनचा चष्मा घरी होता. बरंच झालं, म्हटलं. पोरीनं कशाला वाचायचं ते? बापाला लिहिलं होतं.

३० ऑक्टोबर

गारलंड खोलीत आला, खुर्चीवर बसला, उठला, गेला. दाराशी म्हणाला, "मी उद्या तीनला निघतो कौंटीला. तोवर..." मी कपाटातली पुस्तकं मोजून ठेवायला घेतली. रडले. खूप नाही, पण रडले.

३१ ऑक्टोबर, सकाळ

हॅलोवीन, मुलं वेष घेऊन आलीत. पाच चेटकिणी, तीन भुतं, एक ट्रॅक्टर. इमोजीनच्या स्वयंपाकघरात भोपळ्याची पाय. कुणाला काही ठाऊक नाही, सगळी आनंदात आहेत. मी चेहरा नीट ठेवलाय.

३१ ऑक्टोबर, शाळा सुटल्यावर

दोनच्या सुमाराला सगळी मुलं वेष घेऊन अंगणात मिरवत होती. खोलीत मी एकटी. दारात आर्विल, टोपी हातात. आत आला, रोडाच्या खुर्चीवर बसला, गुडघे पार हनुवटीला. फॉर्म टेबलावर ठेवला. कोरा! मी तोंड उघडलं. चारपाच वाक्यं तयारच होती.

"वाचून दाखवा, बाई," तो म्हणाला.

मी फॉर्म त्याच्याकडंच परत सरकवला.

"रोडानं पुष्कळ खटपट केली. छापलेलं थोडं लागलं तिला. पण तुमच्या अक्षरापुढं बिचारीनं हात टेकले."

माझं बक्षिसाचं अक्षर! दीड पान! तिसावं वर्ष लागलंय मला मुलांना वाचायला शिकवताना, आणि कागद उभा-आडवा धरणारा माणूस समोर असून मला तो अभिमान वाटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वाचत गेले, तो सांगत गेला. सही त्यानं स्वतः केली. वेळ लागला, पण स्वतः केली. गारलंड फॉर्म घेऊन अक्षरशः पळत गाडीकडं गेला.

खोली वाचली. आर्विल उठेना.

"पहिलीची पुस्तकं कुठल्या कपाटात असतात?" म्हणाला.

ही खोली यादीतल्या मुलांसाठी आहे, मोठ्यांना इथं शिकवणं वॉशिंग्टनच्या नियमात बसत नाही. खोली वाचून दहा मिनिटं झाली नव्हती. "सोमवारी साडेतीनला ये," मी म्हटलं. "मागच्या दारानं."

"आणखी कुणाला आणलं तर चालेल?"

"कितीजण आहेत?"

तो बोटांवर मोजू लागला. एक हात संपला, दुसरा सुरू झाला, तेव्हा मी शेजारच्या वर्गातून खुर्च्या आणायला उठले.